यकृतातील विकरांचे नियमन

यकृताच्या पेशींतील रासायनिक प्रक्रियांना गती देणाऱ्या विकरांची, म्हणजेच एंझाइमांची, क्रियाशीलता शरीराच्या गरजेनुसार कमी-अधिक होण्याच्या व्यवस्थेस यकृतातील विकरांचे नियमन असे म्हणतात. आहार आणि संप्रेरके, म्हणजेच हॉर्मोने, हे या नियमनाचे दोन प्रमुख घटक होत. आहाराचा परिणाम काही अंशी प्रत्यक्ष होतो. परंतु बराचसा परिणाम संप्रेरकांच्या मार्फत घडून येतो. त्यामुळे या दोहोंचा विचार एकत्रितच करावा लागतो.

यकृतातील विकरांचा संच कायमचा ठरलेला नसतो. भरपेट जेवण घेतलेल्या व्यक्तीचे यकृत आणि दोन दिवस निराहार असलेल्या व्यक्तीचे यकृत यांची रचना तीच असली, तरी त्यांतील विकरांचे प्रमाण व क्रियाशीलता यांत मोठा फरक असतो. मधुमेह, यकृतात मेद साठणे, औषधांची विषबाधा इत्यादी विकार समजून घेण्यासाठी या नियमनाचे ज्ञान आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

प्रौढ माणसाच्या यकृताचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम असते. आतड्यात शोषली गेलेली शर्करा व ॲमिनो अम्ले प्रवेशिका नीलेवाटे प्रथम यकृतात येतात आणि नंतर उर्वरित शरीरास मिळतात. स्वादुपिंडातून स्रवणारी इन्शुलीन व ग्लुकागॉन ही संप्रेरकेही याच नीलेत उतरतात. अन्न आणि अन्नाची वर्दी देणारी संप्रेरके या दोहोंची पहिली गाठ अशा रीतीने यकृताशी पडते.

मेंदूला दररोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते व ते अखंड मिळावे लागते; अन्न मात्र दिवसातून दोन-तीन वेळाच पोटात जाते. ही तफावत भरून काढण्याचे काम यकृत करते. जेवणानंतर ते ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते. हा साठा सुमारे १०० ग्रॅम असतो. उपाशीपोटी ते ग्लायकोजेनचे विघटन करते आणि ॲमिनो अम्ले, लॅक्टिक अम्ल व ग्लिसरॉल यांपासून नवे ग्लुकोजही तयार करते. साठवण आणि निर्मिती ही परस्परविरोधी कामे एकाच पेशीत होतात. ती दोन्ही एकाच वेळी पूर्ण वेगाने चालली, तर ऊर्जेचा केवळ अपव्यय होईल. म्हणून एका मार्गावरील विकरे क्रियाशील होताना विरुद्ध मार्गावरील विकरे मंद व्हावी लागतात.

नियमनाचे तीन स्तर

विकरांची क्रियाशीलता तीन प्रकारे बदलते. या तिन्हींचा कालावधी वेगवेगळा असतो.

पहिला स्तर काही सेकंदांचा आहे. पेशीतील एखादे लहान द्रव्य विकराच्या रेणूला जोडले जाते, रेणूचा आकार किंचित बदलतो आणि क्रियेचा वेग वाढतो किंवा घटतो. मेदाम्लांच्या निर्मितीतील ॲसिटिल-कोए कार्बॉक्सिलेज हे विकर सायट्रेटमुळे चेतवले जाते, तर लांब साखळीच्या मेदाम्लांची कोए-संयुगे साचू लागली की मंदावते.

दुसरा स्तर काही मिनिटांचा आहे. संप्रेरकाच्या संदेशामुळे विकराच्या रेणूला फॉस्फेट गट जोडला जातो किंवा तो काढून घेतला जातो. ग्लुकागॉनमुळे पेशीत चक्रीय एएमपी हे द्रव्य वाढते. त्यामुळे प्रथिन कायनेज-ए क्रियाशील होते आणि फॉस्फेट जोडले जाण्याची साखळी सुरू होते. ग्लायकोजेन फोडणारे फॉस्फोरिलेज फॉस्फेट जोडल्यावर क्रियाशील होते; ग्लायकोजेन तयार करणारे सिंथेज मात्र फॉस्फेट जोडल्यावर मंदावते. एकाच संदेशाने एक मार्ग उघडतो व दुसरा बंद होतो. इन्शुलीनचा संदेश याच्या उलट दिशेने काम करतो.

तिसरा स्तर काही तासांपासून काही दिवसांपर्यंतचा आहे. यात विकराच्या रेणूंची संख्याच बदलते. संबंधित जनुकाच्या अभिव्यक्तीत बदल झाल्याने नवे रेणू अधिक किंवा कमी तयार होतात. शिवाय जुने रेणू नष्ट होण्याचा वेगही बदलू शकतो. हौदातील पाण्याची पातळी नळ मोठा सोडल्याने वाढते, तशी तळाची मोरी बुजवल्यानेही वाढते. ट्रिप्टोफॅन ऑक्सिजनेज या विकराच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार दिसून आले आहेत. रॉबर्ट शिम्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की कॉर्टिसोन वर्गातील संप्रेरके या विकराची निर्मिती वाढवतात, तर आहारात दिलेले ट्रिप्टोफॅन त्याचा ऱ्हास रोखते. परिणाम एकच, परंतु कारणे भिन्न.

ज्या विकरांचे आयुष्य अल्प असते, त्यांचे प्रमाण लवकर बदलू शकते. ट्रिप्टोफॅन ऑक्सिजनेजचे अर्धायुष्य सुमारे दोन तासांचे आहे. युरियाचक्रातील आर्जिनेजचे अर्धायुष्य काही दिवसांचे असते. आहार बदलल्यावर काही बदल त्याच दिवशी, तर काही आठवडाभराने दिसतात, त्याचे हे एक कारण होय.

संप्रेरकांचे परिणाम

इन्शुलीन हे भरल्या पोटाचे संप्रेरक मानता येईल. त्याच्या प्रभावाने ग्लुकोकायनेज, ॲसिटिल-कोए कार्बॉक्सिलेज व मेदाम्ल सिंथेज यांची निर्मिती वाढते. नव्या ग्लुकोजनिर्मितीतील फॉस्फोइनॉलपायरुव्हेट कार्बॉक्सिकायनेज (संक्षेपाने पेपसीके) व ग्लुकोज-६-फॉस्फेटेज यांची निर्मिती दबते.

ग्लुकागॉन हे उपाशी अवस्थेचे संप्रेरक होय. त्यामुळे ग्लायकोजेनचे विघटन सुरू होते, पेपसीकेचे प्रमाण वाढते आणि यकृतातील पायरुव्हेट कायनेज मंदावते. इन्शुलीन व ग्लुकागॉन यांच्या निरपेक्ष पातळीपेक्षा त्यांचे परस्पर प्रमाण यकृताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते.

या दोन संप्रेरकांचे संदेश जेथे एकत्र येतात, ते फ्रुक्टोज-२,६-बायफॉस्फेट हे द्रव्य बेल्जियममधील एमिल व्हान शाफ्टिंगेन, लुई ह्यू व आंरी-जेरी हेर्स यांनी १९८० मध्ये शोधले. ते ग्लुकोजच्या विघटनाला चालना देते आणि नव्या ग्लुकोजच्या निर्मितीला अटकाव करते. ते तयार करणारे व नष्ट करणारे अशी दोन्ही विकरे एकाच प्रथिनरेणूच्या दोन भागांत असतात. ग्लुकागॉनच्या संदेशाने त्या रेणूला फॉस्फेट जोडले गेले, की निर्माण करणारा भाग थांबतो आणि नष्ट करणारा भाग चालू होतो.

ॲड्रेनलीन भीती, श्रम किंवा इजा अशा प्रसंगी ग्लायकोजेनचे विघटन झपाट्याने घडवते. अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉल तुलनेने संथपणे काम करते. ते पेशीच्या आतील ग्राहीला जोडले जाऊन केंद्रकातील जनुकांवर परिणाम करते. त्यामुळे टायरोसीन ॲमिनोट्रान्सफरेज, पेपसीके इत्यादींची निर्मिती वाढते. कॉर्टिसॉलच्या उपस्थितीत ग्लुकागॉनचा परिणामही अधिक ठळक होतो. स्टेरॉइड वर्गातील औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या रक्तातील साखर वाढते, त्यामागे हे एक कारण आहे. अवटू ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे मॅलिक विकर व तंतुकणिकांतील ग्लिसरॉल-३-फॉस्फेट डिहायड्रोजनेज यांची क्रियाशीलता वाढते.

आहारातील घटकांचे परिणाम

कर्बोदके : शरीरातील बहुतेक पेशींत ग्लुकोजवर पहिली प्रक्रिया हेक्झोकायनेज करते. ग्लुकोज अत्यल्प असले तरी ते जवळजवळ पूर्ण वेगाने चालते. यकृतातील ग्लुकोकायनेजला मात्र निम्मा वेग गाठण्यासाठी प्रति डेसिलिटर सुमारे १५० मिलिग्रॅम इतके ग्लुकोज लागते. त्यामुळे साखर कमी असताना यकृत ती स्वतःसाठी ओढून घेत नाही आणि जेवणानंतर ती वाढली, की वेगाने उचलते. कर्बोदकयुक्त आहार चालू असेपर्यंत इन्शुलीनमुळे ग्लुकोकायनेजची निर्मिती होत राहते. उपवासात ती घटते.

फ्रुक्टोजची गोष्ट निराळी आहे. उसाच्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजचा असतो. यकृतातील फ्रुक्टोकायनेज त्यावर अतिशय वेगाने क्रिया करते. शिवाय ग्लुकोजच्या विघटनमार्गावरील फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हा मुख्य नियंत्रक टप्पा फ्रुक्टोज ओलांडून जाते. म्हणून फ्रुक्टोजचे अतिसेवन झाल्यास त्यापासून मेद तयार होण्यास फारसा अडथळा उरत नाही.

प्रथिने : ॲमिनो अम्लांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर टाकणारे चक्र हान्स क्रेब्स व कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये मांडले. आहारातील प्रथिने वाढवल्यास उंदरांच्या यकृतातील या चक्राची सर्व विकरे त्या प्रमाणात वाढतात, असे शिम्की यांनी १९६२ मध्ये दाखवले. निराहार अवस्थेतही ही विकरे वाढतात. वरवर पाहता हे विसंगत वाटते. परंतु उपाशी प्राणी स्वतःच्या स्नायूंतील प्रथिने वापरत असल्याने यकृताकडे येणारा नायट्रोजन वाढलेलाच असतो.

स्निग्ध पदार्थ व कोलेस्टेरॉल : बहु-असंतृप्त मेदाम्ले यकृतातील मेदनिर्मितीच्या विकरांची जनुकीय अभिव्यक्ती कमी करतात. आहारातील कोलेस्टेरॉलमुळे यकृताच्या स्वतःच्या कोलेस्टेरॉलनिर्मितीतील एचएमजी-कोए रिडक्टेज दबते. कोलेस्टेरॉलच्या नियमनावरील संशोधनासाठी मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॅटिन वर्गातील औषधे याच विकराला रोखतात.

जीवनसत्त्वे : अनेक विकरांना सहविकराची जोड लागते व सहविकरे बहुधा ब-गटातील जीवनसत्त्वांपासून तयार होतात. ॲमिनोट्रान्सफरेज विकरांना ब-६, कार्बॉक्सिलेज विकरांना बायोटिन, तर पायरुव्हेट डिहायड्रोजनेजला थायमिन (ब-१) आवश्यक असते. जीवनसत्त्वाचा अभाव असल्यास विकराचा रेणू असूनही त्याची क्रिया पूर्णांशाने होत नाही.

उपवास

शारीरक्रियाविज्ञानात उपवास म्हणजे ऊर्जा देणारे अन्न मुळीच न घेणे. महाराष्ट्रात एकादशी, चतुर्थी अशा दिवशी साबुदाणा, वरीचे तांदूळ, बटाटा, रताळे हे पदार्थ उपवासाला चालतात. हे पदार्थ पिष्टमय असून त्यांच्या सेवनाने इन्शुलीन वाढते. त्यामुळे धार्मिक दृष्ट्या उपवास घडला, तरी यकृताच्या दृष्टीने ते कर्बोदकयुक्त जेवणच ठरते.

खऱ्या निराहार अवस्थेत पहिले काही तास रक्तातील ग्लुकोज मुख्यतः ग्लायकोजेनमधून पुरवले जाते. सुमारे २४ तासांत हा साठा बहुतांशी संपतो व नव्या ग्लुकोजनिर्मितीवर भिस्त राहते. दरम्यान मेदनिर्मिती थांबल्याने मॅलोनिल-कोए हे द्रव्य घटते. हे द्रव्य मेदाम्लांना तंतुकणिकांत प्रवेश देणाऱ्या विकराला रोखून धरते, असे डेनिस मॅकगॅरी व डॅनियल फॉस्टर यांनी १९७७ मध्ये दाखवले. ते घटल्यावर मेदाम्लांचे ज्वलन वाढते आणि कीटोन द्रव्ये तयार होऊ लागतात. उपवास लांबला, तर मेंदूही आपल्या ऊर्जेचा मोठा भाग कीटोन द्रव्यांतून मिळवतो. त्यामुळे ग्लुकोजची गरज घटते व स्नायूंची झीज मंदावते.

दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर आहार देणे धोक्याचे असते. इन्शुलीन अचानक वाढल्याने फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि थायमिनची गरज वाढते. रक्तातील फॉस्फेट घटून हृदय व श्वसन यांवर गंभीर परिणाम होऊ शकतात. म्हणून कुपोषित रुग्णाचा आहार वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू वाढवला जातो.

जन्म आणि प्राणिभेद

गर्भाला मातेकडून नाळेवाटे ग्लुकोज अखंड मिळते. जन्मानंतर हा पुरवठा तुटतो, ग्लुकागॉन वाढते आणि काही तासांत यकृतात पेपसीके प्रकट होते. याउलट, उंदराच्या पिल्लाच्या यकृतात ग्लुकोकायनेज दिसू लागते ते सुमारे दोन आठवड्यांनी, म्हणजे आईच्या स्निग्धांशयुक्त दुधाकडून कर्बोदकयुक्त अन्नाकडे वळण्याच्या सुमारास.

मांजर हे अपवादात्मक उदाहरण आहे. पूर्णतः मांसाहारी असलेल्या या प्राण्याच्या यकृतात ग्लुकोकायनेजची क्रियाशीलता अत्यल्प असते. आहारातील प्रथिने कमी केली, तरी त्याची ॲमिनो अम्ले विघटित करणारी विकरे उंदराप्रमाणे पुरेशी घटत नाहीत. त्यामुळे मांजराला प्रथिनांची गरज अधिक असते. आहारात आर्जिनीन हे एक ॲमिनो अम्ल नसल्यास एका जेवणानंतरही मांजराच्या रक्तातील अमोनिया धोकादायक पातळीला जाऊ शकतो.

संशोधनाचा इतिहास

फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी केवळ मांस खाऊ घातलेल्या कुत्र्यांच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर असल्याचे दाखवले. १८५५ मध्ये त्यांनी एका यकृताच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून त्यातील सर्व साखर धुऊन काढली. ते तसेच ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर आढळली. तिचे मूळ असलेले ग्लायकोजेन त्यांनी १८५७ मध्ये वेगळे केले. प्राणिशरीर साखर तयार करू शकते, हा विचार त्या काळी नवा होता.

फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्शुलीन मिळवले. ग्लायकोजेनच्या विघटनावरील कार्यासाठी कार्ल व गर्टी कोरी या दांपत्यास १९४७ चे नोबेल पारितोषिक बेर्नार्दो उसाय यांच्याबरोबर विभागून मिळाले. कोरींच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या अर्ल सदरलँड यांनी यकृतावर ॲड्रेनलीन व ग्लुकागॉन यांचा परिणाम कसा होतो, याचा शोध घेताना चक्रीय एएमपी शोधून काढले. त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फॉस्फेट गट जोडून व काढून विकरांचे नियमन होते, हे दाखवणाऱ्या एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांना १९९२ मध्ये हा सन्मान लाभला.

विकारांतील महत्त्व

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलीनच्या अभावी यकृताला सतत उपासमारीचाच संदेश मिळतो. रक्तात साखर भरपूर असूनही ग्लुकोकायनेज घटलेले व पेपसीके वाढलेले असते, त्यामुळे यकृत आणखी साखर रक्तात सोडते आणि कीटोन द्रव्येही वाढतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलीन असते, पण त्याचा संदेश अपुरा पोहोचतो. ग्लुकोजनिर्मिती आवरली जात नाही; मेदनिर्मिती मात्र चालूच राहते. अशा व्यक्तींत यकृतात मेद साठण्याचे प्रमाण अधिक आढळते, त्याचे हे एक स्पष्टीकरण आहे.

ग्लुकोज-६-फॉस्फेटेज जन्मतः नसल्यास फॉन गिर्के विकार होतो. यकृत ग्लायकोजेनने भरलेले असूनही त्यातून ग्लुकोज रक्तात येऊ शकत नाही आणि दोन आहारांतील अंतर वाढताच मुलाच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या घटते. येथे विकर बदलता येत नाही. म्हणून आहार बदलला जातो. वारंवार आहार देणे आणि सावकाश पचणारे मक्याचे कच्चे पीठ पाण्यात कालवून देणे हा उपचाराचा महत्त्वाचा भाग आहे.

औषधांच्या चयापचयावरील परिणाम

बहुतेक औषधांवर यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या समूहातील विकरे प्रक्रिया करतात व त्यांवरही आहार आणि संप्रेरके यांचा प्रभाव पडतो. नित्य मद्यपानाने सीवायपी-२ई१ हे विकर वाढते. उपासमारीतही ते वाढते. हे विकर पॅरासिटामॉलपासून एक विषारी द्रव्य तयार करते. सामान्यतः ग्लुटाथायोनमुळे ते निष्प्रभ होते. परंतु मद्यपी किंवा कुपोषित व्यक्तींत ग्लुटाथायोन अपुरे असल्याने अधिक मात्रेतील पॅरासिटामॉलमुळे यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो.

कोबी-फ्लॉवर वर्गातील भाज्या व निखाऱ्यावर भाजलेले मांस यांमुळे सीवायपी-१ए२ वाढते. गर्भावस्थेत हेच विकर मंदावते, त्यामुळे चहा-कॉफीतील कॅफीन शरीरात अधिक काळ टिकते. ग्रेपफ्रूटचा रस सीवायपी-३ए४ ला निष्क्रिय करून काही औषधांची रक्तातील पातळी वाढवतो. हा परिणाम मुख्यतः आतड्याच्या भित्तिकेत होतो. त्याच कुळातील पपनसातही तशी द्रव्ये असतात.

रक्ततपासणीतील यकृत विकरे

‘यकृताची विकरे वाढली आहेत’ असे रक्ततपासणीच्या अहवालावरून म्हटले जाते, त्याचा अर्थ यकृत अधिक काम करू लागले असा नसतो. एसजीपीटी व एसजीओटी, म्हणजेच आताची एएलटी व एएसटी, ही विकरे यकृताच्या पेशींच्या आत काम करतात. पेशींना इजा झाली, की ती रक्तात झिरपतात. रक्तातील वाढ ही पेशींच्या हानीची खूण असते. पेशीच्या आतील क्रियाशीलतेचे ते मोजमाप नव्हे.

तथापि, आहाराशी या चाचण्यांचा संबंध आहे. स्वीडनमधील एका अभ्यासात १८ निरोगी स्वयंसेवकांनी चार आठवडे दररोज किमान दोन वेळा फास्टफूडचे जेवण घेऊन उष्मांक वाढवले. त्यांपैकी बहुतेकांच्या रक्तातील एएलटी वाढले. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणुजन्य कावीळ, मद्यपान, काही औषधे आणि यकृतात साठलेला मेद ही या वाढीची अन्य सामान्य कारणे होत. एएसटी स्नायूंतही असल्याने कठोर व्यायामानंतर वाढू शकते. उलटपक्षी, यकृताचा बराचसा भाग निकामी झालेल्या रुग्णात ही मूल्ये जवळजवळ सामान्यही असू शकतात, कारण झिरपण्यासाठी पुरेशा पेशीच उरलेल्या नसतात. म्हणून केवळ एका आकड्यावरून निष्कर्ष न काढता अल्ब्युमिन, बिलिरुबिन व रक्त गोठण्याचा काळ या चाचण्या आणि रुग्णाची प्रत्यक्ष स्थिती यांचा एकत्रित विचार केला जातो.